कासवाच्या पाठीमागची पाच अक्षरे

मी एक जुने पान आहे. झाडाचे नव्हे, वहीचेही नव्हे. मी काचेसारखे आरपार दिसणारे, पण काचेसारखे न फुटणारे पान आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी कार्टूनचे चित्रपट माझ्यासारख्या पानांवर रंगवत असत. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा पाने लागत. म्हणजे, मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेला पडदा सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यात कोणी शिंकले असेल, तर त्याने मला पाहिलेच नाही.

माझ्यावर एक कासव आहे. त्याच्या हातात छत्री आहे, आणि घर सोडून जाता जाता ते मान वळवून मागे पाहत आहे. अकरा मिनिटांच्या चित्रपटातले ते शेवटचे चित्र. ‘आहे’ म्हणायची मला सवय लागली आहे. खरे तर ‘होते’ म्हणायला हवे. ते का, ते पुढे येईलच.

माझा जन्म एका दुमजली इमारतीत झाला. वरच्या मजल्यावर चित्रकार बसत आणि कागदावर पेन्सिलीने चित्रे काढत. खालच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. तिथे तीस टेबले होती आणि तीस बायका होत्या. खिडक्या कायम बंद, कारण धूळ आली तर रंगात बसे. सगळ्यांच्या हातात पांढरे सुती मोजे, आणि त्या मोज्यांची दोन बोटे नि अंगठा कापलेला, म्हणजे टाक धरता यावा आणि घामाचा डाग मात्र पानावर पडू नये. वरून आलेले चित्र माझ्यासारख्या पानाखाली ठेवायचे आणि शाईने गिरवायचे, हे एकीचे काम. मग पान उलटे करून मागच्या बाजूने रंग भरायचा, हे दुसरीचे. रंग नेहमी मागूनच भरत. त्यामुळे रेघ दिसे, रंग दिसे, पण रंगवणारीचा हात जिथे फिरला ती बाजू कधीच कोणाला दिसत नसे.

माझी रेघ काढली थोरल्या बहिणीने आणि रंग भरला धाकटीने. दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. थोरलीची एक खोड होती. रेघ सुरू झाली की ती श्वास रोखून धरी, आणि रेघ संपली की मगच सोडी. धाकटी तिला हसायची.

“ताई, श्वास घे गं. कासव आहे ते, पळून नाही जायचं.”

थोरली रेघ पुरी करी, टाक ठेवी, आणि मग उत्तर देई, “कासव नाही गं पळत. रेघ पळते.”

माझ्या वेळी तिने कासवाच्या मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंत एकच रेघ ओढली. मध्ये कुठे टाक उचलला नाही. धाकटी हातातले काम टाकून पाहत राहिली. मग तिने मला उलटे केले आणि कवचाचा तपकिरी रंग भरला. तो वाळल्यावर तिने इकडे तिकडे पाहिले. सगळ्यांत बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून माझ्या पाठीवर पाच अक्षरे लिहिली, आणि मला इतर पानांत सरकवून दिले.

पानावर स्वतःची कसलीही खूण करायची नाही, असा तिथे सक्त नियम होता. खोलीच्या मुख्य बाई प्रत्येक पान भिंग लावून तपासत. बायका त्यांना ‘भिंग’च म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांनी मला दोन्ही बाजूंनी तपासले. त्या भिंगाखालून पाच अक्षरे सुटली असतील, असे मला वाटत नाही. पण त्या काही बोलल्या नाहीत.

चित्रपट लागला तेव्हा दोघी बहिणी शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. हा प्रसंग धाकटीने पुढे माझ्यासमोर उभे राहून इतक्यांदा सांगितला आहे की, मी तिथे होतेच असे मला वाटते. चित्रपट संपल्यावर नावे आली. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांची आली. अगदी चहाची वेळ झाली की घंटा वाजवणाऱ्याचेही आले. आणि सगळ्यांत खाली दोनच शब्द : ‘आणि इतर’.

“ते इतर म्हणजे आपण,” ताई म्हणाली. “इतरांतली थोरली मी, धाकटी तू.”

दोघी इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिले.

एकदा चित्रीकरण झाले की आमचे काम संपे. नवी पाने महाग, म्हणून जुनी साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरत. माझी हजारो भावंडे अशी धुतली गेली. इमारतीमागचे गटार कधी निळे वाहे, कधी पिवळे. मी तेवढे वाचले, कारण भिंगबाईंनी मला नव्या मुलींना दाखवण्यासाठी भिंतीवर लावले होते. “रेघ अशी हवी,” त्या म्हणत. कोणाची, ते सांगत नसत. तरी माझी छाती फुगे.

पुढे ताईचा हात कापू लागला. कापऱ्या हाताला टाक कोण देणार? तिला पाने धुण्याच्या कामावर घातले. ज्या रेघा तिने श्वास रोखून काढल्या होत्या, त्याच ती कोपरापर्यंत हात बुडवून पुसत बसे. भिंतीवरून मला ते दिसे. एकदा जाता जाता ती माझ्यासमोर थांबली. माझ्या रेघेवरून, न टेकवता, तिने बोट फिरवले. बोट थरथरत होते. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.

पानांचे दिवस संपले. यंत्रे आली, तीस टेबले विकली गेली. इमारतीच्या आवारात थीम पार्क उभे राहिले. तळे आले, चक्रपाळणे आले, छोटी आगगाडी आली, कारंज्यात छत्रीवाले सिमेंटचे कासव आले. आणि आमची जुनी खोली झाली चित्रदालन. मला चौकट मिळाली, काच मिळाली, मागे काळा पुठ्ठा घट्ट डकवला गेला. खाली पाटी लागली. तिच्यावर वरच्या मजल्यावरच्या मुख्य चित्रकाराचे नाव होते.

धाकटी पहिल्याच आठवड्यात आली. केस पांढरे झाले होते. मी तिला चालण्यावरून ओळखले. तिने वर्षाचा पास काढला, आणि मग दर बुधवारी येऊ लागली. ती दुःख उगाळायला येत होती असे समजू नका हं. तिला ते पार्क मनापासून आवडे. आगगाडीच्या बोगद्यातले देखावे ती पुन्हा पुन्हा पाही. रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगे, “ते आकाश चुकलंय बघा. सतरा नंबरच्या बाटलीतला निळा होता तो. हा भलताच कुठला तरी लावलाय.” दालनाच्या दाराशी एक पाववाली कासवाच्या आकाराचे गोड पाव विके. धाकटी एक घेई, आधी पाय खाई, मग कवच, आणि डोके शेवटी. पाववालीने एकदा विचारले, असे का? तर म्हणाली, “तोंड आधी खाल्लं तर बाकीचं गोड लागत नाही. कोणाची तरी ओळख पुसल्यासारखं वाटतं.”

पाव संपला की हात पुसून ती माझ्यासमोर येई, आणि दालनाच्या राखणदाराशी तिचे तेच बोलणे सुरू होई. पाटीवर ताईचे नाव लावा. एवढेच तिला हवे होते. राखणदार भला माणूस. तो तिला मावशी म्हणे, बसायला स्वतःची खुर्ची देई. पण पुराव्याशिवाय पाटी बदलायची नाही, असे त्याला वरून सांगितलेले.

“पुरावा मागे आहे,” ती म्हणे. “माझ्या हाताने नाव लिहिलंय मी तिचं. पुठ्ठा काढून बघा.”

“मावशी, पुठ्ठा काढला तर रंग सुटेल. कासवच जाईल मग.”

हे तिला पटे. तिच्यापेक्षा तो रंग कोणाला जास्त माहीत होता? नाव हवे तर कासव जाणार, कासव राखायचे तर नाव झाकलेलेच राहणार. अशी नऊ वर्षे गेली. प्रत्येक बुधवारी ती मागणी करी, आणि जाताना स्वतःच म्हणे, “राहू द्या. असू दे तसंच.”

मग मीच आजारी पडले. आमच्या जातीची पाने म्हातारी झाली की आक्रसतात आणि त्यांना आंबट वास येतो. काचेआडूनही माझा वास येऊ लागला. आता चौकट उघडून मला थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवणे भाग होते. राखणदाराने मावशीला मुद्दाम बोलावून घेतले. ती ठेवणीतले कपडे घालून आली. हातात दोन पाव होते.

“एक ताईचा,” ती म्हणाली.

चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंनी सुरीने पुठ्ठा अलगद सोडवला. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीला उजेड लागला. सगळे वाकले. तपकिरी कवचावर पांढरी पाच अक्षरे स्पष्ट होती : ताईची रेघ.

मग राखणदाराने हळूच विचारले, “आणि नाव कुठंय, मावशी?”

ती वाचत राहिली. पुन्हा वाचले. “हेच की,” ती म्हणाली, पण तिचा आवाज खाली गेला होता. “मी तिला नावाने कधी हाकच मारली नाही. लिहिताना हातातून हेच आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नाव लिहिलंय.”

“ताई तर घरोघरी असते, मावशी,” तो म्हणाला. त्याला तसे म्हणायचे नव्हते; पण शब्द निघून गेला.

तेवढ्यात कवचाचा रंग सुटला. आधी ‘रेघ’ गेली, मग ‘ताईची’. तुकडे पांढऱ्या कागदावर पडले. त्या बाई चिमट्याने ते गोळा करू लागल्या, राखणदार पाणी आणायला धावला. धाकटी खुर्चीत बसून राहिली. दोन्ही पाव तिच्या मांडीवर तसेच होते. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. रंग गेला होता, पण मानेपासून शेपटीपर्यंतची रेघ जशीच्या तशी होती. “श्वास घे आता, ताई,” एवढेच ती म्हणाली.

नंतरच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

राखणदाराच्या मनाला ते लागून राहिले. पाटी नाही तर नाही, निदान माझ्या खोक्यावर पेन्सिलीने नाव लिहावे, म्हणून तो बसला आणि तसाच थांबला. पुरावा मागण्याच्या नादात ताईचे नाव काय, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. मावशीचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. फाटकावर विचारले, तर तिथे तिला ‘कासववाल्या आजी’ म्हणत. पासावर नुसता आकडा होता. पाववाली म्हणाली, “बुधवारच्या बाई? नाव नाही विचारलं हो कधी.”

शेवटी त्याने खोक्यावर लिहिले, ‘रेघ : ताई. रंग : मावशी.’ आणि कप्पा बंद केला.

मित्रांनो, मी आता अंधारात आहे. मला त्याचे दुःख नाही. उजेडात मी आणखी लवकर संपले असते. तुम्ही पार्कात जा, पाव खा, कारंज्यातले कासव पाहा, खूप हसा. पण घरी गेल्यावर एक काम माझ्यासाठी करा. जिला तुम्ही ताई म्हणता, मावशी म्हणता, आजी म्हणता, तिला तिचे पूर्ण नाव विचारा. तिने शिवलेल्या, रंगवलेल्या, विणलेल्या एखाद्या वस्तूच्या मागे ते लिहून ठेवा. अक्षर चांगले नसले तरी चालेल. फक्त नाव लिहा.