इस्त्रीच्या गाण्याची मालकीण

ऑक्टोबरात जर्मनीतल्या माइन नदीवर धुकं इतकं दाट उतरतं की पलीकडचा काठ दुपारपर्यंत सापडत नाही. मग केव्हातरी त्या धुक्याआडून तांबूस, ओलसर उजेड वर येऊ लागतो. डेलियाचा आवाज असा यायचा. आधी छातीतली घरघर, मग एक खालचा, दबका स्वर, आणि आपण ऐकतो आहोत हे कळायच्या आत सगळी खोली उजळलेली.

याच नदीकाठच्या र्युसेल्सहाइम गावात माझं जुन्या स्पीकर-माइकचं दुकान आहे. सांगलीहून आलो आणि भांडून भांडून ते उभं केलं. सत्तरी ओलांडलेली ही अमेरिकन बाई जांभळी टोपी घालून तिथे माइक मागायला आली. मी भाव सांगितला. तिने घासाघीस केलीच नाही. माइक हातात घेऊन नुसती गुणगुणली. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज मी सांभाळला आणि माझी बायको तिला मावशी म्हणू लागली.

तरुणपणी ती इथल्या अमेरिकन छावण्यांत सोल गायला आली होती; चर्चमधल्या प्रार्थनेची आर्तता घेऊन प्रेमाच्या आणि कष्टांच्या जगात उतरलेलं ते गाणं. छावण्या उठल्या, सैनिक घरी गेले, क्लबांच्या जागी पार्किंग झालं. ती मात्र राहिली, मैफल संपल्यावर सतरंजीवर रेंगाळणाऱ्या माणसासारखी.

तिचं एकच गाणं जगभर गेलं. तिची आई परक्यांच्या शर्टांना इस्त्री करायची. ती वाफ, ओल्या सुताचा वास, दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत आईचं उभं राहणं, हे सगळं तिने त्यात लिहिलं. रेकॉर्डवर गीतकार म्हणून नाव छापलं गेलं ते मात्र निर्मात्याचं. फसवणूक तिची झाली. राग माझ्या डोक्यात जाऊन बसला, तो अजून उतरलेला नाही.

एकदा ती आमच्या मंडळाच्या गणपतीला आली. आरती सुरू झाली आणि आमच्या दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती टाळी देऊ लागली.

‘‘अहो, मावशींचा ताल चुकतोय. सांगा ना हळूच,’’ बायको कुजबुजली.

‘‘जन्मभर गातेय ती. तिला मी ताल सांगू?’’

‘‘गात असतील. आरतीत चुकतायत.’’

चुकत कुणीच नव्हतं. चार मात्रांत आपण टाळी देतो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. बिअरच्या तंबूतला जर्मनही तिथेच देतो. तिच्या गाण्याला टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लागते. म्हणून जर्मन श्रोते ‘चुकले’ की ती वादकांना डोळ्यांनी खूण करायची. ते मध्येच एक मात्रा जास्त वाजवायचे, लोकांची टाळी होती तशीच चालू राहायची आणि नकळत योग्य जागी पडू लागायची. कुणालाही न दुखवता अख्खं सभागृह ती एका पावलाने सरकवायची.

गावच्या उन्हाळी उत्सवात तिला तेच गाणं गायला बोलावलं, तेव्हा मी संयोजकाला गाठलं. गीतकार म्हणून तिचं नाव पुकारायचं, नाहीतर माझे स्पीकर मिळणार नाहीत. ‘‘आल्झो, हे बघा, रेकॉर्डवर जे नाव आहे तेच आम्ही वाचणार,’’ तो थंडपणे म्हणाला. ऐनवेळी तरी तो नमेल म्हणून मी स्पीकर लावले, पण निवेदिकेने खरोखरच तेच वाचलं. आवाज बंद करायला माझा हात मुख्य बटणावर गेला. डेलियाने मंचावरून माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली: आवाज वाढव. मी वाढवला. ती गायली. संध्याकाळचं कलतं ऊन तिच्या कपाळावर होतं, आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या बाईसारखी ती सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती.

परतताना मी गाडीतच भडकलो. ‘‘का गायलीस? सगळा सौदा माझ्या हातात होता!’’

‘‘हनी, नाव त्याचं लागलं म्हणून मी माझ्या आईला भेटायचंही सोडू?’’

‘‘मग तुझ्या नावासाठी भांडायचं कुणी?’’

‘‘तू आहेस की,’’ ती हसली. ‘‘तुला दुसरं येतं काय?’’

गेल्या हिवाळ्यात ती गेली. रेडिओवर ते गाणं अजून लागतं, नंतर त्या निर्मात्याचं नाव येतं, आणि मी हातातलं काम टाकून रेडिओ केंद्राला फोन लावतो. पलीकडून ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत सगळं शांतपणे ऐकून घेतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच नाव. गेलेल्या माणसाचा आवाज यंत्रं जपून ठेवतात; त्याचं नाव मात्र मागे उरलेल्या कुणीतरी पुन्हा पुन्हा उच्चारावं लागतं. काळ ऐकत नाही हे मला कळतं, तरी डेलियाचं नाव मी त्याला सोडून देणार नाही.