लायलचं अनुमोदन

"तोंड उघडायचं नाही. आज तुला एवढंच काम आहे," आर्डिथ म्हणाली, आणि लायलच्या कॉलरचं बटण तिने असं काही ओढून लावलं, की मनात असतं तरी त्याला बोलता आलं नसतं.

"अगं, पण मत तर द्यावं लागेल ना."

"मतापर्यंत गेलं तर! तिथवर जाऊच नये म्हणून तर गप्प बसायचं. ऑस्टरगार्ड ठराव मांडेल. नडीन विचारेल, अनुमोदन कोण देतंय. कोणीच देणार नाही. संपलं. ठराव तिथल्या तिथे मेला, आणि शाळा वर्षभर तरी वाचली."

"टाय लावू का?"

"राहू दे. फाशी जायला निघालायस का?"

लायल व्होंड्रा हसला आणि गाडीची किल्ली घेऊन निघाला. शेताडीतल्या घरांच्या गॅसच्या टाक्या भरत फिरणं हा त्याचा धंदा. पण महिन्यातून एका संध्याकाळी तो शर्ट बदलून शेजारच्या कार्व्हर गावाला जायचा, कारण तो शाळा-बोर्डाचा सभासद होता.

तीन गावांचा मिळून शाळांचा एक जिल्हा आणि त्यावर लोकांनी निवडून दिलेलं सात जणांचं बोर्ड. पगार नाही, भत्ता नाही, मिळते ती पाणचट कॉफी आणि गावभरच्या शिव्या. शाळा चालवायला सुपरिंटेंडेंट नेमायचा तो ह्या सात जणांनीच, आणि मग तो म्हणेल त्याला माना डोलवायच्या त्याही ह्यांनीच. त्याच्या मोरावा गावातून दुसरं कोणी उभं राहायला तयार नसे, म्हणून दर निवडणुकीला लायलचं नाव एकटंच असायचं आणि तो निवडून यायचा.

बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटे. पहिल्याच सभेत जुना अध्यक्ष त्याच्या कानाशी लागून म्हणाला होता, "हे बघ, काही सुचलं नाही ना, की अनुमोदन देऊन टाकायचं. सभा पुढे सरकते आणि माणूस वेळेत घरी जातो." लायलने ते वेदवाक्य मानलं. बसचे टायर घ्या, मैदानावर गवत लावा, ठराव कसलाही असो, मांडणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत लायलचं "माझं अनुमोदन" आलेलं असायचं. बोर्डाची सेक्रेटरी तर त्याचं नाव आधीच लिहून ठेवायची. घरी पाहुणे आले की आर्डिथ हटकून सांगायची, "लग्नाचा ठराव मी मांडला. ह्याने नुसतं अनुमोदन दिलं." लायलही हसायचा. खोटं थोडंच होतं ते?

आता प्रश्न मोरावाच्या शाळेचा होता. मुलं कमी झाली होती, छप्पर गळत होतं, बॉयलर हिवाळ्यात दोनदा रुसला होता. सुपरिंटेंडेंटचं म्हणणं, शाळा बंद करू, मुलं बसने कार्व्हरला आणू. मास्तरांना नोकरीवरून कमी करायचं तर एप्रिलच्या मध्याआधी कळवावं लागतं, त्यामुळे काय ते ह्याच सभेत. आणि त्या शाळेच्या स्वयंपाकघरात आर्डिथचं सगळं आयुष्य गेलेलं. दर गुरुवारी ती खिमा-राजम्याची चिली करी आणि तिच्याबरोबर दालचिनीचे रोल. नेब्रास्का राज्यात ही जोडी प्रत्येक शाळेत मिळते म्हणा, पण आर्डिथचा रोल खायला म्हातारी माणसं नातवंडांना भेटण्याचं निमित्त काढून शाळेत यायची.

बोर्डाच्या माणसांनी सभेबाहेर आपसात ठरवाठरवी करायची नाही असा कायदा आहे. पण तो सभासदांना आहे, बायकांना नाही. कुणाच्या मनात काय आहे ते आर्डिथने फोनवर पुरतं काढून घेतलं होतं. शाळा बंद व्हावी असं कार्व्हरवाल्यांना वाटत होतं, पण दुसऱ्याच्या हाताने. कारण ठराव कुणी मांडला आणि अनुमोदन कुणी दिलं, ती दोन नावं पेपरात येतात. मत देणारे गर्दीत लपतात. अध्यक्षीण बाईंनी अनुमोदन द्यायचं नाही असा तिथला रिवाज, आणि कार्व्हरचा एक सभासद मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेलेला. एकटा ऑस्टरगार्ड, जनावरांचा डॉक्टर, ठराव मांडणार असं उघड बोलत होता. तो असाच होता, खुनशी नव्हे, पण हट्टी.

कार्व्हर हायस्कूलच्या वाचनालयात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मोरावाची माणसं टोप्या हातात धरून भिंतीशी उभी होती. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. मर्ल पोकोर्नी उठला. लायलचा शेजारी, मक्याचा शेतकरी, आवाज आधीच तापलेला.

"पोस्ट गेलं, आम्ही गप्प बसलो. दुकान गेलं, गप्प बसलो. आता शाळा नेताय. मग गावात उरलं काय? दफनभूमी? तीही बसने कार्व्हरला आणा की!"

लोक हसले. एक तरुण बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझी पोरगी सहा वर्षांची आहे हो. हिवाळ्यात अंधारात उठवून बसमध्ये घालू का तिला?" घंटी वाजली, तरी ती उभीच राहिली.

मग ऑस्टरगार्डने चष्मा काढून ठराव वाचला. मोरावाची प्राथमिक शाळा हे वर्ष संपताच बंद करण्यात यावी.

"ठराव आलेला आहे," नडीन हाल्स्टेड म्हणाली. कार्व्हरच्या बँकेतली बाई, बोर्डाची अध्यक्ष. "अनुमोदन?"

कोणी बोललं नाही.

लायलने टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. गप्प बसायचं. फक्त बसायचं. बाकीचे कोणी छताकडे बघत होते, कोणी कॉफीच्या कपात. ऑस्टरगार्डचे कान लालबुंद झाले होते. भर खोलीत एक माणूस काहीतरी बोलून एकटा पडला होता आणि कुणीच त्याच्या बाजूला जात नव्हतं. लायलला ते बघवेना. अशी शांतता त्याला लहानपणापासून सोसत नसे. घरी बाप जेवताना गप्प झाला की आता काय होणार ह्या धास्तीने काहीही बोलून तो ती मोडायचा.

"अनुमोदन नसेल तर..." नडीन म्हणाली, आणि सवयीने तिची नजर लायलकडे वळली. सेक्रेटरीनेही सवयीने पेन उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"माझं अनुमोदन," लायल म्हणाला.

नेहमीचाच आवाज. बसच्या टायरांना द्यायचा तोच.

"ठराव आणि अनुमोदन झालं, चर्चा खुली," नडीनही त्याच ओघात बोलून गेली. भिंतीशी कुणीतरी मोठ्याने "अरे देवा!" म्हणालं, तेव्हा कुठे लायलला कळलं की आपण काय केलंय.

"नाही, नाही. मागे घेतो. नडीन, मी मागे घेतो ते."

नडीन वाईट बाई नव्हती. तिचाही चेहरा उतरला. "लायल, चर्चा खुली झाली रे. आता ठराव बोर्डाचा झाला. मागे घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागेल."

"माझी नाही," ऑस्टरगार्ड म्हणाला, आणि त्याने चष्मा परत चढवला.

एकेकाचं नाव घेऊन मतं झाली. आपलं नाव आलं तेव्हा लायल आयुष्यात बोलला नव्हता इतक्या मोठ्याने "नाही" म्हणाला. पण मोरावाची माणसं तोवर दारातून बाहेर पडू लागली होती. ठराव पास झाला.

घरी पोचला तर आर्डिथ स्वयंपाकघरात उभी होती. तिला कळलं होतं. वाईट बातमीला मोरावात पाय फुटतात.

"तोंडातून निघून गेलं," लायल म्हणाला.

"तुला मी भाषण कर म्हटलं होतं का?" तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला जास्त लागलं. "भांडायला सांगितलं होतं? गप्प बस म्हटलं होतं. जन्मभर तू दुसरं काय केलंस? आणि आज, नेमकं आज, तेही जमलं नाही तुला!"

"सगळे बघत होते गं माझ्याकडे."

"मग बघू द्यायचं होतं."

एवढं बोलून तिने दिवा मालवला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. मीठ दे. दार लाव. तुझा फोन आहे.

गावाने तेवढंही केलं नाही. पूर्वी लायलची गाडी अंगणात शिरली की कोणी ना कोणी कॉफीचा कप घेऊन बाहेर यायचं, कुत्री शेपट्या हलवत यायची. आता कुत्रीच तेवढी यायची. पडद्याआड माणसं असत, त्याला दिसत, आणि आपण दिसतोय हे त्यांना ठाऊक असे. तो टाकी भरायचा, नळी गुंडाळायचा आणि जायचा. मर्ल एकदा कुंपणाशी भेटला, तर लायलने टोपीला हात लावला.

"बरंय ना मर्ल?"

"बोर्डाला विचारून सांगतो," मर्ल म्हणाला, आणि ट्रॅक्टरवर चढला.

शाळेच्या शेवटच्या गुरुवारी आर्डिथने रोल केले. अख्खं गाव रांगेला होतं. लायल गेला नाही. रस्त्यापलीकडे गाडी उभी करून तो काचेमागे बसला. दालचिनीचा वास तिथवर येत होता. आता आपण आत गेलो तर ती थाळीत रोल वाढेल की नाही, हे त्याला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. शेवटी त्याने गाडी सुरू केली आणि तो कामावर गेला.

कार्व्हरच्या स्वयंपाकघरात आर्डिथला जागा देऊ केली होती. तिथे सगळं गोठवलेलं येतं, नुसतं गरम करायचं. "मी स्वयंपाकीण आहे, हीटर नाही," ती म्हणाली, आणि तिने निवृत्तीचा अर्ज धाडून दिला.

असा अर्ज मंजूर करायलाही बोर्डाचा ठराव लागतो. निवृत्त होणाऱ्याला त्या सभेला बोलावतात, टाळ्या वाजवतात, नाव कोरलेलं घड्याळ देतात. जूनच्या सभेला आर्डिथ निळा फ्रॉक घालून आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. दोघं एकाच गाडीतून आले होते. वाचनालयात ह्या खेपेला बाहेरचं कोणीच नव्हतं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि आर्डिथ.

"आर्डिथ व्होंड्रा, मोरावा शाळेचं स्वयंपाकघर," नडीनने वाचलं. "त्यांची निवृत्ती आभारपूर्वक मंजूर करावी."

"मी मांडतो," ऑस्टरगार्ड म्हणाला. तो आर्डिथकडे बघत नव्हता.

"अनुमोदन?"

एप्रिलनंतर लायलने कशालाही अनुमोदन दिलं नव्हतं. आता दुसरे देत. पण हा मान नवऱ्याचा, असं त्या सगळ्यांना मनापासून वाटलं, आणि सगळे थांबले. सगळे त्याच्याकडे वळले. कौतुकाने. सेक्रेटरीने पेन उचललं.

लायलने तोंड उघडलं. हो म्हणायचं म्हणजे तिला जाऊ द्या म्हणायचं, पुन्हा एकदा, आपल्याच तोंडाने. आणि नाही म्हटलं तर तिचे आभारही बुडाले. तीच शांतता, तीच खोली. जन्मभर जे शब्द आपोआप निघाले ते आज कितीही ढकलले तरी निघेनात.

"लायल?" नडीन हळूच म्हणाली.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"त्याचं अनुमोदन आहे," मागून आवाज आला.

आर्डिथ उठून उभी राहिली होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"लिहून घ्या. लायल व्होंड्राचं अनुमोदन. तो देतोच."

बोर्डाच्या कामात बाहेरच्यांनी बोलायचं नाही असा नियम आहे. नडीनच्या हाताशी सभेला गप्प करायचा लाकडी हातोडा होता, तिने तो उचलला नाही. सेक्रेटरीने लिहिलं. मतं झाली. लायलचं "होय" फक्त शेजारच्याला ऐकू गेलं. मग सहा-सात माणसांच्या टाळ्या वाजल्या आणि लगेच थांबल्या.

परतताना घड्याळाचा खोका आर्डिथच्या मांडीवर होता. तिने तो उघडला नाही. उन्हाळ्याची लांबलेली संध्याकाळ मावळत आली होती. मोरावाच्या वेशीशी शाळा दिसली. खिडक्या काळ्या, झेंड्याची काठी उघडी. फक्त स्वयंपाकघरात दिवा जळत होता. सामान हलवायला आलेल्यांपैकी कोणीतरी विसरलं असणार.

लायलने गाडीचा वेग कमी केला.

"तो दिवा बंद करायला हवा," आर्डिथ म्हणाली. "किल्ली आहे अजून माझ्याकडे."

लायलकडून अनुमोदन आलं नाही. आर्डिथने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग खिडकीकडे तोंड फिरवून ती त्या उजेडाकडे बघत राहिली. गाडी हळूहळू पुढे गेली. तिने पुन्हा म्हटलं नाही.