बिनसाखरेचा सौदा

मोहियोद्दीनभाईंनी चहाचा कप परत ट्रेमध्ये ठेवला आणि घोडेगावच्या बाजारात एक म्हैस बदनाम झाली.

म्हैस वैजनाथची. दुसऱ्या वेताची, काळीभोर, नाव मैना. घेणार होता सहादेव. रुमालाखाली दलालाची बोटं धरून आकडा सांगून झाला होता, भाव ठरला होता, आता फक्त चहा राहिला होता. या बाजारात कागदावर सही नसली तरी चालतं, पण घेणारा, देणारा आणि दलाल या तिघांनी मिळून चहा प्यायल्याशिवाय सौदा झाला असं कुणी मानत नाही. मोहियोद्दीनभाई चाळीस वर्षं दलाल. एका बाजाराला वीस-वीस कप रिचवायचे. पूर्वी ते दुपारी बाभळीखाली आडवे झाले की मुंग्या त्यांच्याभोवती रिंगण धरायच्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने चहावाल्या चांगुणाबाईला विचारावं. तिला मुंग्यांची संख्याही पाठ आहे.

सहादेवनं कपाकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

"भाई, चहा का ठिवला?"

"पोट बिघडलंय जरा."

"सकाळी तर दोन भजी खाल्ली तुमी. मी बघितलं."

"म्हनूनच बिघडलं."

"खरं सांगा. म्हशीत काय हाय?"

"म्हशीत काय न्हाई रे बाबा!"

"मग तुमी चहा का पीत न्हाई?" असं म्हणून सहादेवनंही आपला कप खाली ठेवला आणि निघून गेला. वैजनाथ एकटाच कप धरून उभा राहिला. त्याच्या कपात माशी पडली तेव्हा कुठे तो भानावर आला.

दुपारपर्यंत बाजारभर झालं, की मैना लाथ मारते. तीन वाजता ती दूध चोरायला लागली. चारला तिला रातांधळेपणा आला. संध्याकाळी जामखेडचा एक व्यापारी शपथेवर सांगत होता, की या म्हशीनं आधीचा मालक भिंतीला दाबून मारला. आधीचा मालक म्हणजे वैजनाथचा सासरा. तो शेजारीच बसून शेंगा खात होता.

आता खरं कारण. ते बाजारात सांगण्यासारखं नव्हतं. महिन्यापूर्वी रुमालाखाली एकानं चार बोटं धरली आणि भाईंना तीनच कळली. हसण्यावारी नेऊन वेळ निभावली, पण घरी आल्यावर त्यांनी चूल पेटलेली असताना तव्याला बोट लावून पाहिलं. बायको, बद्रुन्निसा, ओरडली तेव्हा कळलं, की बोट भाजलं.

नेवाशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "साखर नसा खातेय. गेलेली जाणीव परत येईल असा शब्द मी देत नाही. पण गोड सोडलंत, भाकरी-भात आवरलात, गोळ्या घेतल्यात, तर उरलेली वाचेल."

दलालाची बोटं बधिर झाली हे एकदा कळलं, की त्याच्या रुमालाखाली हात कोण घालणार? आणि बाजारातला चहा तर किटलीतच साखर टाकून उकळलेला. बिनसाखरेचा मागायचा म्हणजे सगळं सांगायचं. म्हणून ते पोटाचं नाव.

घरी बद्रुन्निसानं कारभार हातात घेतला. भात बंद, बटाटा बंद, भाकरी एका वेळेला चतकोर. सकाळी अंडी, दुपारी मेथी नि ताक, रात्री रस्सा आणि काकडी. पहिल्या आठवड्यात भाईंचं डोकं इतकं दुखलं, की त्यांनी शेजारच्या कोंबड्याला आरवण्याबद्दल नोटीस देण्याचा विचार केला. अंगणात शेळी शिळी भाकरी खायची आणि भाई तिच्यासमोर बसून घास मोजायचे.

"अजी, त्या बिचारीला नजर लागंल," बद्रुन्निसा म्हणायची.

"लागू दे. तिला शुगर झाली की कळंल."

"अर्धा कप दूध चालतं म्हनल्या डॉक्टरीणबाई. देऊ का? बिनसाखरेचं?"

"दे. आता कशाला न्हाई म्हनू?"

ती स्वतःही फिका चहा प्यायला लागली होती. तिला काहीच झालेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "साखरेचा डबा वरच्या फळीवर ठिवलाय. सारखा खाली कोन काढनार, म्हनून."

पुढच्या शुक्रवारी वैजनाथ मैनेला घेऊन पुन्हा आला. तिच्याजवळ कुणी फिरकेना. लोक लांबून वळसा घालून जायचे. एकानं तर पोराला उचलून कडेवर घेतलं. वैजनाथ सरळ भाईंसमोर येऊन उभा राहिला.

"भाई, चाळीस वर्सं तुमच्या शब्दावर बाजार चालला. माज्या म्हशीचं नाव तुमी घालवलं. आता तुमीच एक कप प्या तिच्या नावानं. येकच."

चांगुणाबाई ट्रे घेऊन आलीच होती. आल्याचा वास सुटला होता. भोवती माणसं जमली, त्यात सहादेवही होता. भाईंनी कपाकडे पाहिलं. एक कप. एका कपानं कोण मरतं? पण आज एक म्हटलं, की पुढच्या सौद्याला दुसरा, आणि सूर्य मावळेपर्यंत वीस. त्यांनी अंगठ्यानं बोटांची टोकं चाचपली. टोकं गप्प होती.

"चांगुणा, रिकामा गिलास दे."

गिलास घेऊन भाई सरळ मैनेजवळ गेले, दावं हातानं बाजूला सारलं आणि खाली बसले. गर्दी चार पावलं मागं सरली. सासरा शेंगा खायचा थांबला. भाईंनी कासेवरून हात फिरवला, पाठीला थोपटलं, काहीतरी पुटपुटले. मैनेनं मान वळवून वास घेतला आणि पान्हा सोडला. धार गिलासात वाजली. अर्धा गिलास फेसाळ झाला तसे भाई उठले आणि सगळ्यांसमोर ते धारोष्ण दूध एका दमात प्यायले. पांढऱ्या मिशीवर फेस बसला.

"चहा सगळ्या म्हशींचा सारखाच," ते म्हणाले. "हे हिचं दूध हाय. आता बोला."

चांगुणाबाई म्हणाली, "माज्या धंद्याचं काय, भाई?" आणि बाजार हसला.

सहादेव मात्र हसत नव्हता. तो भाईंच्या हाताकडे पाहत होता. दाव्यात गुंतलेला बाभळीचा काटा भाईंच्या मधल्या बोटात मुळापर्यंत घुसला होता, रक्ताचा थेंब मनगटापर्यंत ओघळला होता, आणि भाई त्याच हातानं मिशी पुसत होते.

"चला," सहादेव पुढं आला. "मागचा सौदा मोडला. परत बोटं धरू. रुमाल टाका, भाई."

रुमाल पडला. खाली सहादेवनं बोटं धरली, नेहमीसारखी अलगद नव्हे, तर हाडापर्यंत दाबून. एक सोडलं, मग दुसरं दाबलं. घाई केली नाही. शेवटी मधल्या बोटाशी काहीतरी खटपट केली.

"कळलं?" त्यानं म्हशीकडे बघत विचारलं.

"कळलं," भाई हळूच म्हणाले.

रुमाल उचलला गेला. सहादेवनं मुठीतला काटा धुळीत टाकला आणि पायानं त्यावर माती लोटली.

"म्हैस चांगली हाय," तो म्हणाला.