रिकामा खिळा

“खिळे किती ठोकू, आत्या?” कानामागची पेन्सिल काढत सुताराने विचारलं.

“एक्केचाळीस.”

“चाळीस,” आतून वहिनीचा आवाज आला.

सुतार उंबऱ्यात बसला होता. त्याने एकदा ओसरीवरच्या आत्याकडे पाहिलं, एकदा आत चुलीपाशी बसलेल्या वहिनीकडे. “असं करा,” तो म्हणाला, “तुमचं दोघींचं ठरेपर्यंत मला चहा द्या. फळी काही पळून जात नाही.”

“फळी नाही पळत. तूच पळतोस, चहा पोटात गेला की,” आत्या म्हणाली.

आत्या कुणा एकाची आत्या नव्हती. लग्न झालं नाही, जन्म माहेरीच गेला, म्हणून सगळ्या गावाने तिला आत्या करून टाकलं होतं. काम बापाकडून आलेलं. गावापुढे ओहोटीला दीड कोस चिखल उघडा पडायचा. पलीकडे बेटावर पंचवीसेक घरं, आणि अधेमधे लोकांची जाळी. चिखल दिसायला सगळा सारखा, पण कुठे घोटाभर, तर कुठे उभा माणूस गिळेल एवढा. शिवाय वाट दर पंधरवड्याला सरकायची. पाणी मागे हटू लागलं की आत्या अनवाणी निघायची, पायाने चाचपत पुढे जायची आणि घट्ट लागेल तिथे लाल चिंधीची काठी रोवायची. भरती यायच्या आत त्याच काठ्या उपटून घरी आणायच्या. नाहीतर समुद्र त्या वाकड्यातिकड्या करून ठेवणार, आणि खोटी वाट दाखवणाऱ्या काठीपेक्षा काठी नसलेली बरी.

उपटण्याआधी मागे कुणी राहिलं नाही ना, हे कळायला फळी होती. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, समुद्राकडे तोंड करून. चिखलात जाणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर एक खिळा, आणि खिळ्यावर भोक पाडलेला एक शिंपला. गावात अक्षरं उशिरा आली, त्यामुळे शिंपल्यावर नाव नसायचं. कुणाचा मासा कोरलेला, कुणाच्या तीन रेघा, कुणाचं नुसतं फुलीचं चिन्ह. जाताना आपला शिंपला खिशात टाकायचा, आल्यावर परत टांगायचा. फळी भरली म्हणजे गाव घरी आलं. मग आत्या स्वतःचा शिंपला काढून कमरेला खोचायची आणि काठ्या आणायला जायची. माणूस मेलं की त्याचा खिळा काढून टाकायचा, ही तिच्या बापाने घातलेली रीत.

जुन्या फळीवर मात्र एक खिळा सव्वीस वर्षं रिकामा होता. तो आत्याच्या धाकट्या भावाचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा.

गावाला माहीत होतं ते एवढंच. त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. भाऊ जाळ्याकडे गेलेला, त्याचा खिळा रिकामा. तरी आत्याने काठ्या उपटल्या. त्याला वाट सापडली नाही. तिसऱ्या दिवशी तो सापडला. गाव काही बोललं नाही, म्हणजे तोंडावर बोललं नाही. पण पुढे वर्षभर लोक परत आले की फळीपाशी घुटमळायचे, आपला शिंपला नीट लागलाय ना, दोनदोनदा बघायचे. विहिरीवर एक म्हातारी म्हणाली होती, “जिला घरचा माणूस मोजता आला नाही, ती गाव मोजणार.” आत्याने ऐकलं, घागर उचलली आणि चालू लागली. काम तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही, कारण त्या चिखलाची ओळख दुसऱ्या कुणाच्या पायांना नव्हती.

आता खाऱ्या वाऱ्याने आणि वाळवीने ती फळी पोखरली होती. नवी बसवायची होती, आणि पहिल्याच आकड्यावर गाडं अडलं होतं.

वहिनी चहा घेऊन बाहेर आली. “मेलेल्याचा खिळा ठेवायचा नसतो, वन्सं. रीत तुमच्याच घरची आहे.”

“मला नको शिकवूस रीत.”

“शिकवत नाही. सव्वीस वर्षं अंगण झाडते मी. झाडू मारून मान वर केली की तो खिळा. नवी फळी येतेय, तर कोरी येऊ दे.”

“असू दे तो. कुणाचं काय खातो?”

“माझं खातो,” वहिनी म्हणाली.

दोघींचं आवाज चढवून भांडण असं कधी झालंच नव्हतं. एका चुलीवर दोघींचं शिजलं, एकीच्या आजारपणात दुसरी जागली. त्यामुळे सुतार जरा गोंधळला. तो काही वाईट माणूस नव्हता. फक्त गप्प बसणं त्याला जमायचं नाही. त्याने मध्यस्थी करायची ठरवली.

“वहिनी, राहू द्या की एक जास्तीचा. मी खिळ्याचे पैसे नाही धरणार. आत्यांना तेवढीच आठवण. माणूस एकदा मोजायला चुकलं की जन्मभर...”

पुढचं वाक्य त्याने गिळलं आणि रंधा उगाचच फुंकून साफ केला. आत्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. पाणी अजून लांब होतं, पण त्याची रेघ चमकायला लागली होती. असली अर्धी वाक्यं तिला सवयीची झाली होती. पायाला घट्टा पडला की खडा टोचत नाही, तसं.

वहिनीच्या हातातला कप हातातच राहिला.

“त्या चुकल्या नव्हत्या,” ती म्हणाली.

“वहिनी, चहा दे त्याला. निवतोय.”

“निवू दे.” ती सुताराकडे वळली. “तू ऐक रे. तुला सांगितलं की दिवेलागणीपर्यंत गावभर होतं, म्हणून तुलाच सांगते. त्या दिवशी फळी भरलेली होती. ह्यांचा शिंपला खिळ्यावर होता. मी टांगला होता.”

“गप गं,” आत्या म्हणाली.

“सकाळी जाळ्यावरून आले. पाणी प्यायले, शिंपला खिडकीत ठेवला. टांगायचे कुठे कधी! रोज मलाच टांगावा लागायचा. मी मागे कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात कोयता तिकडेच राहिला म्हणून पुन्हा गेले असणार, शिंपला न घेता. आलोच, असं वाटलं असेल. मी आत आले, खिडकीत शिंपला दिसला. म्हटलं, विसरले नेहमीसारखे. मला वाटलं, वर निजलेत. गेले आणि टांगून आले.” तिने कप खाली ठेवला. “वन्संनी फळी बघितली. भरलेली होती. म्हणून काठ्या काढल्या.”

सुताराने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. “पण गाव तर म्हणतं, खिळा रिकामा होता.”

“गावाने बघितला तेव्हा रिकामाच होता. लोक शोधायला धावले, तेवढ्यात वन्संनी शिंपला काढून घेतला.”

एक कोंबडी भुशात पाय ओढत फिरत होती.

“तू बावीस वर्षांची होतीस,” शेवटी आत्या म्हणाली. समुद्राकडेच बघत. “वर्षही झालं नव्हतं तुला येऊन. शिंपला कुणी टांगला हे बाहेर आलं असतं, तर लोकांनी तुला जगू दिलं नसतं. तूच स्वतःला जगू दिलं नसतंस. मला काय! मी रोजचीच चिखलातली.”

“मला तरी सांगायचं होतंत.”

“तुला ठाऊक आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, घाईत टांगलास, तुझ्या ध्यानातही नसेल. उगाच कशाला उकरून काढा.”

“आपल्या घरात सुईदोऱ्याचा डबा एकच आहे, वन्सं.”

आत्याने तेव्हा वळून पाहिलं.

“दोऱ्याच्या रिळाखाली ठेवलात तुम्ही तो शिंपला. तुमचा फाटका पदर शिवायला घेतला की दिसायचा. मी सुई काढायची आणि तो होता तसा परत ठेवायची. रीळ वर.” वहिनीचा आवाज आता बारीक झाला होता. “आधी भीती वाटली. मग वर्ष उलटलं. मग वाटायचं, उद्या बोलीन. उद्याला कुठे मरण असतं? विहिरीवर तुम्हाला बोलले, तेव्हा मी तिथेच होते. दोर ओढत राहिले.”

“बघितलं होतं मी तुला.”

“मग?”

“मग काय? घागर भरली होती. घरी आलो दोघी.”

आत्या उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. आत जाऊन डबा घेऊन आली. रीळ बाजूला केलं, शिंपला काढला आणि वहिनीच्या तळहातावर ठेवला. त्यावर दोन वाकड्या लाटा कोरल्या होत्या. भावाने लहानपणी स्वतःच कोरलेल्या.

“चाळीस ठोक,” ती सुताराला म्हणाली.

“आणि हा?” वहिनीने विचारलं.

“तो तुझ्याकडे राहू दे. फळी जिवंत माणसांची असते. बाबा सांगायचे, मीच ऐकत नव्हते.”

सुताराने चहा न पिताच खिळे मोजून घेतले. काम होईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. असं गावात पूर्वी कधी घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. फळी भिंतीवर बसवून तो गेला, तो घाईघाईने. कुठे, ते दोघींना ठाऊक होतं.

उन्हं कलली तसे लोक चिखलातून परतू लागले. नव्या लाकडाच्या वासात एकेक शिंपला टांगला जाऊ लागला. जाळीवाला म्हातारा सगळ्यांत शेवटी आला. विहिरीवर जी बोलली होती, तिचा हा मुलगा. काठावर येताच त्याला सुतार भेटला असणार. त्याने शिंपला टांगला, पाय धुतले, पुन्हा फळीपाशी आला आणि उभा राहिला.

“आत्या,” तो म्हणाला, “उद्या ओहोटी कधी लागते?”

पन्नास वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला हे विचारायची काही गरज नव्हती.

“आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा,” आत्या म्हणाली. “सावकाश ये.”

“येतो,” म्हणाला, आणि गेला.

आत्याने एकोणचाळीस शिंपले बोट लावून मोजले. मग आपला काढला, कमरेला खोचला आणि साडीचा काचा मारून चिखलात उतरली. दूरच्या टोकाला जायचं, आणि तिकडून काठ्या उपटत घराकडे यायचं. पंचवीसेक काठ्या. पाण्याची रेघ आता रुंद झाली होती.

थोडं पुढे गेल्यावर तिने सहज मागे वळून पाहिलं. रोज या वेळी वहिनी आत असायची. दार ओढून घ्यायची, भांडी घासायची, पण फळी भरायच्या सुमाराला कधी बाहेर यायची नाही. आज तिने पाट बाहेर आणला होता. भिंतीसमोर तो टाकून, समुद्राकडे पाठ करून ती बसली होती, आणि एका रिकाम्या खिळ्याकडे बघत होती.

आत्याने पदराने तोंड पुसलं आणि जरा भरभर पाय उचलले. कुणीतरी वाट बघत होतं.