सात चढ, वरच्या रस्त्याने

ओसाकात कुणी तोंडावर हाकलत नाही. वाकून, हसून, तब्येतीची काळजी करत हाकलतात. कुराहाशींनी मला तसंच हाकललं.

रविवारी सकाळी इकुतामा देवळाच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. तेन्नोजीच्या सात चढांची ही फेरी मी सुरू केली, केस काळे होते तेव्हापासून मीच घेते. हिवाळ्यात डावा पाय कापावा लागला आणि मी चाकाच्या खुर्चीत आले. तेवढ्यात फेरीच्या मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे कुराहाशींना, फेरी घ्यायची हौस आली.

"इनाबासान, तुम्ही शेवटी चहाला या ना. उगाच दगदग कशाला? चढ पायांनीच समजतात."

"ओसाकाच्या किल्ल्यात तुम्ही लिफ्टने वर जाता, तेव्हा काय समजतं?"

लोक हसले. कुराहाशींचे कान लाल झाले.

"पायऱ्या आहेत हो. तुम्हाला उचलणार कोण?"

"उचलायला मी काय पालखीतला देव आहे? सातही चढ वरच्या रस्त्याला येऊन मिळतात. मी तिथून जाणार. ज्याला यायचं त्याने यावं."

बोलले खरी, पण एकटीच निघाले असते तर ही फेरी कायमची हातची गेली असती. आणि कुणी हलेना.

मग नोबुए पुढे आली. जन्मभर बायकांचे केस कापत आलेली, फटकळ बाई. पर्समधून चघळायची गोड गोळी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली.

"चल. माझे गुडघे गेल्यातच जमा आहेत."

"अगं, मग इतकी वर्षं चढत का होतीस?"

"सगळे चढत होते म्हणून. सगळ्यांचा खोळंबा कोण करणार?"

"माझी कंबरही," मागून टोपीवाला म्हातारा पुटपुटला. हा बस चालवायचा. "बायकोलासुद्धा बोललो नाही."

"बायकोला माहीत आहे," त्याची बायको म्हणाली.

बघता बघता नऊ जण माझ्या बाजूला आले. मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. दुसऱ्याला त्रास नको म्हणून दात आवळून चढायचं, आणि त्याला शिष्टाचार म्हणायचं. कसला डोंबलाचा शिष्टाचार!

कुराहाशी उरलेल्यांना घेऊन पायऱ्या उतरले. आम्ही वरून निघालो आणि कुचिनावा चढाच्या माथ्यावर थांबलो. दोन्हीकडे देवळांच्या भिंती, मधून दगडी पायऱ्या खाली गेलेल्या.

"खाली ट्रक जातात ना, तिथवर समुद्र होता," मी सांगितलं. "लोक या कड्यावर उभं राहून मावळता सूर्य बघायचे. त्याच्या पलीकडे बुद्धाचा स्वर्ग आहे, असं मानायचे. चढताना हे दिसत नाही. चढताना पुढच्याची टाच दिसते."

सगळे पश्चिमेकडे बघत होते. तिकडे आता इमारतीच आहेत, तरी बघत होते.

एवढ्यात कुराहाशींची मंडळी धापा टाकत वर आली. आल्या आल्या तीही आमच्यात उभी राहून बघू लागली.

"चला, आता पुढच्या चढाने खाली," कुराहाशी म्हणाले.

दोघं हलले. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इनाबासान, हा विषय मंडळापुढे ठेवावा लागेल."

"ठेवा. पुढच्या महिन्यात मी वरूनच नेणार. तुम्हीही या, घाम पुसायला वेळ मिळेल."

मी चाकं फिरवली. पुढचा, आइझेन देवळाकडचा रस्ता मला जरा जड जातो. सगळ्यांना माझ्या वेगाने चालावं लागलं.