हिरवा दिवा लागेपर्यंत

"बॅटरी उतरली की तुझं हे कुलूप आपोआप सुटेल बघ, वहिनी. तुला पत्ताही लागायचा नाही," असं नणंदेनं फोनवर बजावलं होतं.

"बरंच की मग, ताई. कोणी आत अडकायचं तरी नाही," असं म्हणून ती हसली होती. कॉलेजात विजेचं तंत्रच शिकलेली ती. तिला कोण काय सांगणार?

कुलूप हवंच होतं म्हणा. सासूबाई हल्ली विसरायच्या. ही बाळाच्या आंघोळीत गुंतली की त्या चपला सरकवून निघायच्या. एकदा तर कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्यांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मुलाची. नवरा कामावर, बाळ टबात, आणि हिच्या जिवाला घोर. बाहेरून कडी लावायला मन धजेना. मग तिनं लोखंडी बोल्टवर तांब्याची बारीक तार गुंडाळून चुंबक केलं, ते सासूबाईंच्या खोलीच्या चौकटीला बसवलं आणि दारावर समोर लोखंडी पट्टी ठोकली. बटण दाबलं की दार चिकटायचं आणि आत लाल दिवा लागायचा. बाळाची आंघोळ उरकेल एवढ्या वेळानं टायमर वीज तोडायचा, 'टक्' व्हायचं आणि दिवा हिरवा व्हायचा. आपलं आपण सुटतं ते कुलूप कसलं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

"हिरवा लागला की यायचं हं, आई," हे तिनं त्यांच्याकडून घोटून घेतलं.

"घरात सिग्नलच बसवलास की गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "आता शिट्टी फुंकायला एक हवालदारही ठेव."

त्या दिवशी बाळाला दातांचा ताप होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. दाराचं बटण दाबून, बाळाचं नुसतं अंग पुसून, पाजून ती त्याला घेऊन जरा आडवी झाली आणि तिथंच गाढ झोपली. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पार समोरच्या भिंतीवर गेलेलं. सासूबाईंच्या चहाची वेळ केव्हाच टळली होती.

ती धावत गेली. नुसतं बोट लागलं आणि दार उघडलं. बॅटरी साफ उतरली होती. दार कधीपासून मोकळंच होतं.

सासूबाई पलंगाच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, विझलेल्या दिव्याकडे बघत बसल्या होत्या. खोलीत वास होता. साडी ओली, खाली फरशीही ओली.

"हिरवा लागलाच नाही गं," त्या म्हणाल्या. "लाल गेला, तेव्हा वाटलं आता लागेल."

"दार उघडंच होतं हो, आई."

"मला काय माहीत? तूच म्हणालीस ना, हिरव्याशिवाय उठायचं नाही म्हणून."

"मग हाक नाही का मारायची?"

"बाळ नुकतंच निजलं होतं. उठलं असतं."

तिनं पाणी गरम केलं, त्यांना धुतलं, कोरडी साडी नेसवली. सासूबाई मान वर करेनात. निऱ्या खोचताना त्यांनी हिचं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस हं. पोराला कळलं तर लाज वाटेल मला."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर तिला सुटल्यासारखंही वाटलं. त्यांनीच नको म्हटलंय, मग कशाला बोलायचं? फरशी पुसून झाली होती. कोणाला कळणार होतं?

संध्याकाळी नवरा चपला काढतोय तोच तिनं सांगितलं. "आईंना मी आत बसवून झोपले. कपडे खराब झाले त्यांचे. चूक त्यांची नव्हे, माझी." तो तसाच आईच्या खोलीत जाऊन बसला. मग तिनं नणंदेला फोन लावला. ताई तोडून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आई आता काय करतेय?"

बोल्ट, तार, पट्टी, सगळं तिनं उचकटून काढलं. आता आंघोळीच्या वेळी सासूबाई टबाशेजारी स्टुलावर बसतात आणि बाळाचे पाय धरतात. पाणी फार उडतं. उडू दे.

तुमच्याही घरात कोणी तरी असेल, तुमचा शब्द मोडू नये म्हणून गप्प बसलेलं. ते हाक मारणार नाही. तेव्हा हे वाचणं आता राहू द्या आणि जरा उठून आतल्या खोलीत बघून या.