परवान्याची फ्रेम

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फ्रेम आहे आणि हल्ली मला क्षणभर चैन पडत नाही.

एका सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं. मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत मावशींचं घर आहे. वरच्या दोन खोल्या त्या चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देतात. राहायला येतात ते बहुतेक पेशंटचे नातेवाईक. अशा खोल्यांची दरवर्षी सरकारी कचेरीत नोंदणी करावी लागते. मग वर्षभराचा परवाना मिळतो आणि तो सर्वांना दिसेल असा लावायचा असतो. जिन्यालगतच्या खोलीच्या भिंतीवर तो सांभाळणं हे माझं काम. नऊ वर्षं मावशी रोज माझी काच पुसत आणि तारखेवर बोट ठेवून म्हणत, "अजून अवकाश आहे." मला केवढं भारी वाटायचं!

मग घरात वायफाय आलं. पाहुणे दिवसातून दहादा पासवर्ड विचारत. मावशींची भाची वैतागली. तिने तो ठळक अक्षरांत छापला आणि थेट माझ्या काचेवर चिकटवला.

"मावशी, इथे सगळ्यांची नजर जाते बघ!"

नजर जायची, पण पासवर्डवर. त्या कागदाखाली परवान्याची तारीख जवळ येत होती आणि ते एकट्या मला ठाऊक होतं. फडकं यायचं, पासवर्डच्या कागदावरून फिरून जायचं. मी आतल्या आत तडफडायचे. खिळ्याला टांगलेली मी, करणार काय?

गेल्या महिन्यात पासवर्ड बदलला. भाचीने जुना कागद खरवडून काढला आणि तिचा हात तसाच थांबला.

"मावशी... मुदत आठ दिवसांपूर्वीच संपलीय."

तेव्हा याच खोलीत एक आई राहत होती. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं आणि हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होतं. दर दोन तासांनी ती दूध द्यायला धावायची.

"नव्या पासवर्डचा कागद वर चिकटवून टाकू," भाची कुजबुजली. "कोण बघायला येतंय?"

"मी बघितलं ना! नोंदणी नाही, तर या खोल्यांत कुणाला ठेवायचं नाही."

दारात उभ्या आईचा चेहरा पडला. "मावशी, एवढ्या जवळ दुसरी खोली नाही हो मिळणार."

"तुला कुणी जा म्हटलं? उचल पिशवी आणि खाली माझ्या खोलीत ये. भाडंबिडं काही नाही, आता तू माझी पाहुणी. फक्त मी घोरते, आधीच सांगून ठेवते."

भाचीला हसू फुटलं. मग ती ओशाळली आणि पिशवी तिनेच उचलली.

त्याच दुपारी दोघी कचेरीत जाऊन आल्या. उशिराचा अर्ज, म्हणून तपासणी नव्याने. तपासनीस बाई येऊन गेल्या, पण परवाना अजून आलेला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटतं, आला! पण पाऊल खालीच वळतं. काल एक म्हातारे बाबा खोली विचारत आले. मावशींच्या खोलीत आणखी एक अंथरूण मावेना. ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले आणि निघून गेले.

आज सकाळी बाळ हॉस्पिटलातून खाली मावशींच्या खोलीत आलं. त्याचं बारीक रडणं माझ्यापर्यंत पोचतंय. इथे वर मात्र धुतलेल्या चादरी घातलेल्या दोन खाटा माझ्यासमोर नुसत्या पडून आहेत.

मित्रांनो, भिंतीवरच्या कागदावरची तारीख वाचत जा. ती टळली की कुणाला तरी दारातून परत जावं लागतं.